मदत हवी आहे: हरभऱ्याच्या रानात पिवळा धोत्रा, बी येतं कुठून आणि थांबवायचं कसं?

सीनाकाठ

करमाळा-माढा पट्ट्यातली काळी जमीन, दोन एकर. दोन वर्षं पडीक होती. पुराचा गाळ बसल्यावर गेल्या रब्बीत काटेरी पानांचं, पिवळ्या फुलांचं तण माजलं. पान मोडलं की पिवळा चीक येतो. गावात कुणी पिवळा धोत्रा म्हणतं, कुणी बिलायत. यंदा ऑक्टोबरमध्ये हरभरा आणि कडेने मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या आहेत. प्रश्न असे:

१. हा धोत्र्याचाच प्रकार का? लहानपणी ओळखायचा कसा? शेजारी करडई असते, रोपं सारखीच दिसतात.
२. बी नेमकं कुठून आलं? एकदा नांगरून संपेल का?
३. हरभऱ्यात कुठलं तणनाशक चालेल?
४. मोहरीत बी मिसळलं तर धोका किती? जनावरांना चालतं का?

बोंड_आणि_बी

पहिल्या प्रश्नापुरतं. धोत्र्याशी याचं नातं नाही. धोत्रा वांगी-मिरचीच्या कुळातला, हा अफूच्या कुळातला, आर्जेमोन मेक्सिकाना. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. आता जगातल्या जवळजवळ सगळ्या उष्ण भागांत आहे. फळाला काटे म्हणून आपल्याकडे धोत्रा नाव पडलं असावं. विषही वेगळं, त्यामुळे विषबाधेत डॉक्टरांना नुसतं 'धोत्रा' सांगू नका, झाड दाखवा.

रोपटं जमिनीलगत चक्राकार पसरतं. पानं निळसर-करडी, खोल कातरलेली, प्रत्येक टोकाला काटा, आणि शिरांच्या कडेने पांढरे पट्टे. हे पांढरे पट्टे चार-पाच पानांच्या रोपातही दिसतात. करडईत ते नसतात आणि रंग सरळ हिरवा असतो. तरी शंका राहिली तर देठ मोडा. पिवळा चीक आला की विषय संपला. पाथरीचा चीक दुधासारखा पांढरा, करडई आणि उंटकटारा यांना असा पिवळा चीक नाही. उंटकटाऱ्याची पानं खालून पांढरी लवदार असतात, तेही बघून ठेवा.

फुलात सहा पाकळ्या, पुष्कळ पुंकेसर, मधे लालभडक कुक्षी. कळीवर तीन निदलं असतात, प्रत्येकाच्या टोकाला शिंगासारखा काटा. फूल उमलताच ती गळतात. अफूच्या कुळाप्रमाणे फुलात मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठी.

फूल फिकट लिंबूसर असेल, कळी लांबट असेल आणि कुक्षीखाली छोटी मान दिसत असेल तर ती जवळची जात, आर्जेमोन ऑक्रोल्युका. तीही भारतात आढळते. शेतातला बंदोबस्त दोन्हींचा एकच.

तणवखर

सीनाकाठ भाऊ, दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हे वर्षायू झाड आहे. मुळापासून पुन्हा पसरत नाही, कांडीतून नाही. जे काही होतं ते बियांवर. म्हणजे बी पडू दिलं नाही तर झाड हरतं, पण पडलेलं बी लगेच संपत नाही.

हिशोब असा. एका बोंडात तीनशे-चारशे बिया. चांगल्या पोसलेल्या झाडाला साठ ते नव्वद बोंडं. म्हणजे एका झाडामागे अठरा हजार ते छत्तीस हजार. बोंड पिकलं की वरच्या टोकाला चार ते सहा फाकांनी उघडतं आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने बी सांडतं. बियांना पंख नाहीत, केस नाहीत, म्हणून बहुतेक बी आईखालीच पडतं. लांब जातं ते पाण्याने, चिखलाने, ट्रॅक्टरच्या चाकांना, जनावरांच्या खुरांना आणि मुख्य म्हणजे बियाण्यात, भुशात, कडब्यात. तुमच्याकडे गाळ बसला आणि वर पडीक, दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या झाल्या. पडीक जमिनीत दाट गवत किंवा उंच पीक नसतं, उन्हाला अडथळा नाही, त्यामुळे त्याला रान मोकळं मिळालं.

ताजं बी लगेच उगवत नाही, काही आठवडे ते महिने झोपतं. उन्हाळ्यात पडलेलं बी पहिल्या पावसात न उगवता थंडी लागली की रब्बीच्या ओलीत येतं, म्हणून ते हरभऱ्याच्याच वेळी दिसतं. आणि सगळं एकदम येत नाही, खेपेखेपेने येतं. एका नांगरटीने संपणार नाही. खोल नांगरटीने वरचं बी खाली जातं, पुढच्या वर्षी पुन्हा नांगरलं की तेच वर. गाडायचं असेल तर एकदाच खोल गाडा आणि पुढची दोन-तीन वर्षं फक्त वखर आणि कुळव.

तुमच्या रानात माझा क्रम असा राहील:

पेरणीआधी तीन आठवडे रान तयार करून एक हलकं पाणी द्या. उगवलेली पहिली खेप दोन-चार पानांवर असताना उथळ वखर मारा, दोन-अडीच इंचांपेक्षा खोल नको. खोल गेलात तर खालचं बी वर येतं आणि सगळी मेहनत पुन्हा. वखरल्यावर रान एक-दोन दिवस उन्हात सुकू द्या. ओल्या ढेकळांवर उपटलेलं रोप परत मूळ धरतं. सप्टेंबरअखेर उकाडा असेल तर ही खेप अर्धीच निघेल, उरलेली पिकात येईल, ते गृहीत धरा.

पेरणी तिफणीने सरळ ओळीत करा, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, म्हणजे कोळपं चालेल. पहिली कोळपणी २० ते २५ दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, ओळीतलं खुरप्याने. खुरपं चक्राच्या खालून घाला, मूळ जमिनीत चार-पाच सेंटिमीटर कापलं गेलं पाहिजे. वरून नुसती पानं छाटली तर बुंध्यातून पाच-सात फांद्या फुटतात आणि एकाच झाडाला जास्त बोंडं येतात. हातमोजे घाला, काटे बोटांत मोडतात.

डिसेंबरनंतर पीक पसरतं आणि नवं रोप दबतं, तेव्हा फक्त उंच गेलेली झाडं शोधून काढा. फूल दिसलं की तोच शेवटचा मोका. बोंडं धरली असतील तर उपटून बांधावर टाकू नका, वाळताना बोंडं उघडतात आणि बांधच बियाण्याचं कोठार होतो. पोत्यात भरून खोल खड्ड्यात टाका, वर दोन फूट माती. शेणखताच्या ढिगात तर मुळीच नको, ढीग आतून पुरेसा तापला नाही तर खतासोबत बी रानभर.

रब्बीवाला

थोडं औषधाबद्दल. पेंडीमेथालीन हे तणनाशक, ३० ईसी (म्हणजे ३० टक्के ताकदीचं), पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवण्यापूर्वी. हेक्टरी अडीच लीटर, म्हणजे एकरी एक लीटर, २०० लीटर पाण्यात. पंधरा लीटरच्या पंपाला ७५ मिली. बाजारात ३८.७ सीएसही मिळतं, त्याची ताकद वेगळी, मात्राही वेगळी, लेबल वाचा. सपाट फवाऱ्याचं नोझल वापरा आणि मागे सरकत फवारा, फवारलेल्या पट्ट्यावर पाय नको.

फसतं कुठे? कोरड्या ढेकळांवर मारलं की. औषधाचा थर वरच्या मातीत बसायला ओल हवी. आणि याचं काम उगवत्या बीवर; उगवून आलेल्या रोपावर ते काहीच करत नाही. डिसेंबरमधल्या खेपेपर्यंत असर उतरतो, म्हणून कोळपणी टळत नाही.

२,४-डी या रुंद पानाच्या तणावरच्या तणनाशकाबद्दल कुणी सांगेल. गहू-ज्वारीत ते चालतं, लहान रोपांवर चांगलं चालतं, मोठी झाडं वाकतात आणि सावरतात. हरभऱ्यात नाही! हरभरा द्विदल, तोच आधी जातो. द्राक्ष आणि कापूस शेजारी असेल तर वाऱ्याचा थेंबसुद्धा महागात पडतो. पंप धुतल्याशिवाय दुसऱ्या पिकात नेऊ नका.

परखड

माझं मत थोडं वेगळं. दोन एकरात औषधापेक्षा पहिल्या वर्षी हरभऱ्याऐवजी रब्बी ज्वारी घ्या. ज्वारीची सावली, मधे कोळपी, वर रुंद पानाच्या तणावर औषधाची मोकळीक. हरभरा दुसऱ्या वर्षी. तुम्ही ज्या दिवशी बी रोखाल त्या दिवसापासून मोजायचं, औषधाच्या बाटलीपासून नाही.

आणि बियाणं. पाटाची चारी आणि बांध दोन मीटरपर्यंत स्वच्छ ठेवा. चारीच्या तोंडाला जाळी लावली तर वाहून येणारी वाळकी बोंडं अडतात, मोकळं बी मात्र निघून जातं. मळणी यंत्र दुसऱ्या रानातून आलं असेल तर आधी रिकामं चालवा, चाळण्या काढून झाडा, मगच आपलं पीक घाला. यात लोक हमखास घाई करतात.

बोंड_आणि_बी

आता मोहरी. इथं नीट ऐका, कारण हा तणाचा प्रश्न राहत नाही.

बी दीड-दोन मिलिमीटर, गोलसर, काळसर तपकिरी. मोहरीसारखंच, आणि पिकतंही फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोहरीबरोबर. वजन आणि आकार जवळचा असल्याने उफणून किंवा साध्या चाळणीने वेगळं होत नाही. दहापट भिंगाखाली मात्र साफ फरक: मोहरी गुळगुळीत, याच्या सालीवर जाळीदार उंचवटे, एका बाजूला टोक. करडईत हा प्रश्न नाही, तिचा दाणा पांढरा आणि बराच मोठा, चाळणीत बी खाली गळतं.

बियांच्या तेलात सॅंग्विनारीन आणि डायहायड्रोसॅंग्विनारीन ही अल्कलॉइडं, म्हणजे विषारी द्रव्यं, असतात. ती मिसळलेलं मोहरीचं तेल खाल्ल्याने ड्रॉप्सीची साथ येते: दोन्ही पायांवर सूज, लाली, दम लागणं, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढणं, शेवटी हृदय थकणं. पहिली नोंद कोलकात्यातली, १८७७. कारण या तेलाकडे बोट दाखवायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. दिल्लीत १९९८ साली साथ आली, साठहून अधिक माणसं गेली. फोडणीच्या तापाने हे विष जात नाही.

प्रयोगशाळेत पहिली चाचणी म्हणजे तेल आणि तीव्र नायट्रिक आम्ल समान मापात हलवून ठेवणं. आम्लाच्या थराला केशरी ते लाल रंग आला तर संशय. पाव टक्क्यापेक्षा कमी भेसळ ती पकडत नाही, म्हणून क्रोमॅटोग्राफीने (तेलातले घटक वेगळे करून तपासायच्या पद्धतीने) खात्री करतात. घरी आम्ल हाताळू नका.

तुमच्या दोन ओळींपुरतं: मोहरी हाताने कापा, कापण्याआधी ओळीत एकही पिवळा धोत्रा उभा नको, आणि ती मोहरी घाण्यावर देण्याआधी मूठभर भिंगाखाली पाहा. एक जरी जाळीदार दाणा दिसला तर तेल काढू नका.

सीनाकाठ

मोहरी यंदा वगळतो. ज्वारीचा सल्ला पटला. जनावरांचं राहिलं, कडब्यात दोन-चार झाडं आली तर?

तणवखर

उभं झाड गाय-शेळी काट्यांमुळे आणि चवीमुळे सोडते. अडचण कडबाकुट्टीत येते. कुट्टी झाल्यावर काटे तुटतात, तुकडे मिसळतात आणि जनावराला निवडता येत नाही. वाळल्याने विष कमी होत नाही. त्यामुळे कापणीच्या वेळी पेंढी बांधण्याआधीच झाडं काढा, कुट्टीच्या यंत्रासमोर निवडायला बसू नका. आणि बोंडं असलेली पेंढी गोठ्यात गेली तर बी शेणातून परत रानात येऊ शकतं, ती वाट वेगळी बंद करावी लागेल.