भाताच्या लावणीला मुलं न्यायची का? (सोसायटी ग्रुप, आषाढातला गुरुवार)

मोहिते ए-४०१: मंडळी, मामांचा फोन होता. रोपं बावीस दिवसांची झालीत, पाऊसही धरलाय, रविवारी लावणीला हात घालतायत. मागे बोललो होतो तसं सोसायटीतली मुलं न्यायची तर हीच वेळ. त्यांचं शेत पुण्याबाहेर, पौडच्या पुढे, आतल्या अंगाला. दुपारपर्यंत खाचरात (भाताच्या बांध घातलेल्या वाफ्यात), मग जेवण, मग वरच्या देवराईत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात). आठ वर्षांच्या पुढची मुलं. कोण कोण?

ओवीची आई बी-३०४: ओवी येणारच 🙋‍♀️

कबीरचा बाबा बी-७०२: ॲक्टिव्हिटीज काय काय आहेत? मागच्या वर्षीच्या त्या कृषी पर्यटनवाल्यांकडे रेन डान्स, झिपलाइन, ट्रॅक्टर राइड सगळं पॅकेजमध्ये होतं.

गायत्री सी-५०३: आणि शेत कुठे होतं हो? एका वाफ्यात चार काड्या आणि शेजारी पाटी, 'भाताचे रोप'. आमच्या चिरंजीवांनी घरी येऊन आजीला सांगितलं की शेतात डीजे असतो.

मोहिते ए-४०१: ॲक्टिव्हिटी एकच, लावणी 😀 पण मामांच्या दोन अटी आहेत, त्या आधी वाचा.
एक, मुलांना खालचं गुंठाभराचं खाचर मिळेल. बाकीच्या खाचरांत लुडबुड नाही. तिथे बायका उक्त्यावर, म्हणजे पूर्ण कामाची रक्कम ठरवून लावतात. ओळी तुडवल्या तर त्यांनाच परत लावायला लागतात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.
दोन, ज्यांनी लावलं त्यांनीच ऑगस्टात बेणायला (तण काढायला) आणि दिवाळीच्या आसपास कापायला यायचं. फोटो काढून पळणार असाल तर एफसी रोडला जा म्हणाले.

कबीरचा बाबा बी-७०२: दिवाळीचं आत्ता कसं सांगणार? आमचं बुकिंग असतं.

पळसुले काका बी-१०१: पावसाळ्यात मुलं चिखलात उतरवणार? साप, विंचू, काय काय असतं. काही झालं तर जबाबदार कोण? कमिटी?

मोहिते ए-४०१: काका, रास्त प्रश्न आहे. डॉक्टर, तुम्ही सांगता का?

डॉ. काका सी-२०१: ओपीडी संपवून लिहितो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

ओवीची आई बी-३०४: बी विंगला आजच पाणी कमी येतंय.

सेक्रेटरी: प्लंबरला सांगितले आहे. हा विषय कमिटीच्या ग्रुपवर घ्यावा.

डॉ. काका सी-२०१: हं. आधी साप. आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यात मिळणारी, चावल्यानंतर द्यायची विषावरची लस या चारांवर चालते. चिखलणी केलेल्या खाचरात, माणसांच्या वर्दळीत साप सहसा थांबत नाही. धोका बांधावरच्या गवतात, दगडांच्या गडग्यात, रचून ठेवलेल्या पेंढ्याखाली. म्हणून बांधावरून चालताना बूट, पुढे मोठा माणूस काठी आपटत, आणि कुठल्याही बिळात हात नाही. खेकड्याच्या बिळात तर अजिबात नाही, मुलांना तोच मोह होतो. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय हलवू न देता थेट रुग्णालय. लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे ते मी शनिवारी फोन करून विचारतो. १०८ ला रेंज लागते का, ते मोहित्यांनी बघावं.

डॉ. काका सी-२०१: आणि सगळे सापाबद्दल विचारतात, मला काळजी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) जास्त. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून शिरतात. त्यामुळे पायाला खरचटलेलं, फोड, ओली जखम असेल ते मूल खाचरात नाही. बांधावर बसून दोरी धरेल. बाहेर आल्याबरोबर साबणाने पाय धुवायचे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की मूल भाताच्या चिखलात गेलं होतं. हे सांगितलं नाही तर निदान भलतीकडे जातं.

ओवीची आई बी-३०४: आधीच गोळ्या देऊन ठेवू का?

डॉ. काका सी-२०१: आपल्या मनाने काहीही नाही. त्या गोळ्या लहान मुलांना सर्रास देत नाहीत.

गायत्री सी-५०३: गमबूट घालून उतरवले तर?

मोहिते ए-४०१: ताई, गमबूट चिखलात रुततो, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. खाचरात सगळे अनवाणीच.

पळसुले काका बी-१०१: पाण्याचं काय? दोन वर्षांपूर्वी भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. तीही रविवारी फिरायलाच गेली होती.

मोहिते ए-४०१: २०२४ ची घटना, बरोबर. म्हणूनच धबधबा नाही, ओढा ओलांडायचा नाही. देवराईतून एक झरा येतो, त्याचं पाणी घोट्याएवढं. शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट असेल तर रद्द, ऑरेंज असेल तर मामांना विचारून. मामा नाही म्हणाले की नाही. घाटात पाऊस कसा चढतो ते त्यांना कळतं, आपल्याला ॲपवर दिसतं तेवढंच.

पळसुले काका बी-१०१: हे लेखी द्या.

मोहिते ए-४०१: ग्रुपवर लिहिलंय की काका.

कबीरचा बाबा बी-७०२: सगळं ठीक, पण शिकणार काय? दिवसभर चिखल खेळून यायचं तर सोसायटीच्या गार्डनमध्येही होईल. शाळेत दाखवायला सर्टिफिकेट वगैरे?

मोहिते ए-४०१: सर्टिफिकेट मामा देतील, अंगठा उमटवून 😀
काय शिकणार ते बघा. मामा चारसूत्री पद्धतीने लावतात. दोरीवर खुणा केलेल्या असतात, १५ सेंमी, मग २५, परत १५, परत २५. दोन मुलं दोन्ही टोकांना दोरी ताणून धरतात, बाकीची खुणेवर दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावत मागे सरकतात. चार चुडांचा एक चौकोन, आणि त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, चारही चुडांना पोचतं. गुंठ्यात चूड किती, गोळ्या किती, हे मुलांनी आधी काढायचं, मग मामा तेवढ्याच मोजून देणार. कमी पडल्या तर गणित चुकलं. पट्टी विसरलो म्हणून सुटका नाही.

मोहिते ए-४०१: अजून एक. रोप खोल खुपसलं तर फुटवे कमी येतात, वरवर लावलं तर पाण्यावर तरंगतं. मुलं पहिली ओळ लावून वर बघतात तेव्हा निम्मी रोपं आडवी पोहत असतात. मामा काही बोलत नाहीत, नुसते बघत उभे राहतात. दुसऱ्या ओळीला बोटं आपोआप नीट जातात. गेल्या वर्षी भाच्याचं हे बघितलंय.

गायत्री सी-५०३: बांधाला भोक पडतं तेही दाखवा. खेकडा बांध पोखरतो, रात्रीत खाचर रिकामं. चिखलाचा गोळा, वर गवत, टाचेने दाबायचं. आमच्याकडे भोरला लहानपणी ते काम पोरांकडेच असायचं.

ओवीची आई बी-३०४: आमच्या नणंदेची मुलगी जर्मनीत आहे. तिकडे जंगलातल्या बालवाड्या असतात म्हणे. इमारतच नाही! तीन ते सहा वर्षांची मुलं पावसातही बाहेर, फार वादळ झालं तरच लाकडी डब्यासारख्या गाडीत जाऊन बसायचं. सुरीने काठ्या तासतात पोरं. परत येताना गोचीड लागलीय का ते रोज तपासायचं. आपल्याकडे असं काहीच का नाही?

नेने आजी ए-१०२: आहे बाळा. होतं म्हण हवं तर.
मी बालवाडीत शिकवलं, त्यामुळे हा इतिहास आम्हाला परीक्षेला होता. ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. अनुताई वाघही तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. आजूबाजूची वारली मुलं शाळेत येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे, नाहीतर गुरं घेऊन जायचं असे. मग पाड्यावर जाऊन अंगणातच वर्ग भरवायला लागल्या, ती अंगणवाडी. भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी, ती विकासवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम हललं. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरं चरतात तिथेच शिक्षक जायचे. मोजायला खडे आणि बिया, रचायला पानं, शिंपले. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती.

नेने आजी ए-१०२: माझं एवढंच म्हणणं की तिथे मुलं रानातच होती म्हणून शाळा रानात गेली. आपली मुलं पार्किंगमध्ये वाढतात. त्यांना एकदा नेऊन आणलं तर ती सहलच. मोहित्यांच्या मामांची दुसरी अट मला सगळ्यात आवडली. लावलेलं परत बघायला गेलं तरच मुलाला कळतं की मधले चार महिने तिथे काहीतरी चालू होतं.

गायत्री सी-५०३: 🙏🙏

कबीरचा बाबा बी-७०२: आजी, पटतंय. पण नोव्हेंबरचा शब्द मी देऊ शकत नाही. कबीरला आत्ता नेऊन नंतर नाही पाठवलं तर अट मोडेल.

मोहिते ए-४०१: मग यावेळी राहू द्या. वाईट वाटून घेऊ नका. अट शिथिल केली तर मामा पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत.

कबीरचा बाबा बी-७०२: ठीक. बायकोशी बोलून सांगतो.

गायत्री सी-५०३: एक सुचवू? गेटवरच्या दादांची दोन्ही मुलं दहा-बारा वर्षांची आहेत. त्यांनाही घेऊया, पैसे न घेता. गावी भात असतो त्यांच्याकडे, आपल्या मुलांना तीच शिकवतील.

पळसुले काका बी-१०१: चांगली सूचना. पण त्यांना 'शिकवायला' म्हणून नेऊ नका. बाकीच्यांसारखीच पोरं म्हणून न्या.

गायत्री सी-५०३: बरोबर आहे काका, तसंच.

नेने आजी ए-१०२: त्यांच्या आईला मी विचारते.

मोहिते ए-४०१: आता देवराई. तिथलं काही उचलून आणायचं नाही. फूल नाही, बी नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. गावात अजून पाळतात.

गायत्री सी-५०३: आणि उगाच नाही पाळत. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या देवराया पिंजून काढल्या. आजूबाजूचा डोंगर बोडका आणि मध्ये देवाच्या नावाने राखलेला तुकडा गच्च, त्यात इतरत्र न उरलेली झाडं. मोहिते, तो झरा देवराईतूनच येतो ना? मग खाचर वेगळं आणि देवराई वेगळी असं नको. पाय धुतले, जेवले, की पाटाच्या कडेने वर चालायचं. खाचरातलं पाणी कुठून येतं ते मुलं स्वतःच शोधत जातील. वर पोचल्यावर पायाखालचा पाचोळा बाजूला करून हात लावून बघायला सांगा, वरून कोरडा दिसला तरी खाली पिळण्याइतका ओला असतो. लगेच परत झाकायचा. त्या वेळी भाषण नको. मुलांनी विचारलं तर सांगायचं.

मोहिते ए-४०१: वाट तीच आहे, पाटाच्या कडेनेच. मस्त.

गायत्री सी-५०३: शेकरू दिसलं तर नशीब. घरटी तरी नक्की दिसतील, उंच फांद्यांवर पानाकाड्यांचे गोळे. एकच शेकरू चार-पाच घरटी बांधतं, कुठल्यात आहे ते ओळखा म्हणावं. आळंब्या बघायच्या, खायच्या नाहीत. टाकळा, कुर्डू खुडायचा तर बांधावरचा, मामींना दाखवून.

ओवीची आई बी-३०४: एक विचारते, मोठ्या मुली आहेत. कपडे बदलायला आणि टॉयलेट?

मोहिते ए-४०१: घरात संडास एक, स्वच्छ. कपडे बदलायला मामींची आतली खोली. दोन आया बरोबर लागतील. फक्त दोन. बाकी पालकांनी यायचं नाही.

ओवीची आई बी-३०४: का?? मला व्हिडिओ काढायचे होते 😀

मोहिते ए-४०१: म्हणूनच. मुलांकडेही फोन नाहीत. कामाला आलेल्या बायकांचे फोटो तर त्यांना न विचारता कोणीच काढायचे नाहीत.

पळसुले काका बी-१०१: मामांना काय देणार? त्यांचा कामाचा दिवस मोडतोय.

मोहिते ए-४०१: ते नको म्हणतात. पण मामी आणि शेजारच्या दोघी पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणार, त्यांची दिवसाची मजुरी द्यायचीच. शिवाय मुलांच्या खाचरातलं पीक कमीच येणार, त्याचेही धरू. मिनीबस, जेवण मिळून प्रत्येकी ७०० रुपये. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात.

नेने आजी ए-१०२: घासाला नखरे चालणार नाहीत हे आधीच सांगा. दुसरा पर्याय नाही म्हटलं की जेवतात.

डॉ. काका सी-२०१: मी येतोय. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे. दमा, ॲलर्जी, फिट्स यांपैकी काही असेल तर मला वैयक्तिक मेसेज करा, ग्रुपवर नको.

कबीरचा बाबा बी-७०२: कबीर ऐकत नाहीये. दिवाळीचं बुकिंग पुढे ढकलता येतंय का बघतो. नाव उद्या सांगतो.

मोहिते ए-४०१: शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. नंतर बस बदलता येत नाही.
सामान: जुने कपडे दोन जोड, टॉवेल, रेनकोट (छत्री नको, खाचरात हात मोकळे लागतात), पायात बंद बूट, पाण्याची बाटली, साबण, प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांना. नखं कापून या, चिखल दोन दिवस निघत नाही. गेटवर सकाळी ६:१५. ६:३० ला बस हलणार.

ओवीची आई बी-३०४: सँडल चालतील का?

मोहिते ए-४०१: ताई, वर वाचा 🙏