टॉर्क सेन्सरची खरी गरज गिअर बदलताना

इंजिनात शिरणारी हवा, फेरे आणि ठिणगीची वेळ यांवरून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) टॉर्कचा, म्हणजे शाफ्टला फिरवणाऱ्या जोराचा, अंदाज काढतच असतो, मग टॉर्क मोजायला वेगळा सेन्सर कशाला, असा प्रश्न विचारला जातो. इंजिनापुरता तो रास्त आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र हा अंदाज अपुरा पडतो. गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो आणि दुसरा भार घेत असतो. पहिला जरा लवकर सुटला तर इंजिनाचे फेरे उगाच चढतात आणि उशिरा सुटला तर दोन्ही क्लच एकमेकांशी झगडून गाडीला हिसका बसतो. क्लचचे घर्षण तेलाच्या तापमानानुसार आणि झिजेनुसार बदलत असल्यामुळे केवळ क्लच दाबणाऱ्या तेलाच्या दाबावरून हा क्षण अचूक पकडता येत नाही. शाफ्टवरचा (फिरत्या दांड्यावरचा) टॉर्क प्रत्यक्ष मोजला तर येतो.

मोजण्याची जुनी रीत म्हणजे शाफ्टच्या अक्षाशी ४५ अंशांत चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे पृष्ठभाग किती ताणला गेला ते विजेच्या रोधातील बदलावरून सांगणाऱ्या बारीक पट्ट्या. प्रयोगशाळेत ते उत्तम चालतात, पण फिरत्या शाफ्टवर वीज पोचवणे आणि तिथून संकेत बाहेर आणणे रोजच्या गाडीत जिकिरीचे ठरते. त्यामुळे मला चुंबकीय पद्धत अधिक व्यवहार्य वाटते. तीत शाफ्टचाच एक पट्टा चुंबकित केलेला असतो, पीळ बसला की त्याचे चुंबकीय क्षेत्र कलते आणि शेजारचा स्थिर सेन्सर ते स्पर्शाविना टिपतो. मात्र बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून त्याला जपावे लागते, आणि हायब्रिड गाडीत विजेची मोटर शेजारीच असल्याने ते सोपे नाही.