थायमसची गाठ आणि सीबीसीतला एनएलआर : अडीचशे रुपयांच्या रिपोर्टवर किती विसंबायचं?

नौपाडाकर (धागालेखक)

आधी पार्श्वभूमी. माझा मोठा भाऊ, वय ५२, कळव्याला राहतो. गेल्या वर्षी संध्याकाळ झाली की त्याची डावी पापणी खाली यायची. चष्मा बदलून झाला, डोळ्यांचे डॉक्टर झाले, शेवटी न्यूरोवाल्यांनी मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) सांगितला आणि छातीचा सीटी काढायला लावला. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, साडेपाच सेंटिमीटरची गाठ. थायमोमा, म्हणजे तिथल्या थायमस ग्रंथीची गाठ. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, पॅथॉलॉजीत टाइप बी२ (थायमोमाच्या प्रकारांपैकी एक) आला, कडा स्वच्छ, म्हणजे गाठ पूर्ण निघाली.

मग मी वाचत सुटलो. सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजणारी साधी तपासणी. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे त्यातले पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट म्हणजे एनएलआर, प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट म्हणजे पीएलआर. त्याखेरीज सीआरपी, दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. शरीरात दाह जास्त असेल तर हे आकडे चढतात, आणि शस्त्रक्रियेआधी ते चढलेले असले तर गाठ परत येण्याची शक्यता जास्त, असं सांगणारे बरेच शोधनिबंध आहेत. भावाचा शस्त्रक्रियेआधीचा रिपोर्ट काढला : न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १२. भागाकार ६.८. निबंधांत कुठे धोक्याची रेषा दोनच्या आसपास मारलीय, कुठे चारच्या. आम्ही सगळ्यांच्या वर!

सर्जनना विचारलं तर म्हणाले, "त्याकडे बघू नका." एवढंच.

माझं म्हणणं असं : हा आकडा थायमोमाच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असावा आणि सीटी किती वेळाने काढायचा ते त्यावरून ठरावं. जास्त असेल त्याचा तीन महिन्यांनी, कमी असेल त्याचा वर्षाने. वहिनीची प्रत्येक सीटीआधी आठवडाभर झोप उडते. ज्यांना गरज नाही त्यांची तरी ती सुटेल. फुकट मिळणारी माहिती फेकून का द्यायची?

ऐरोली_ओपीडी

दादा, बाकी सगळं नंतर. त्या सीबीसीच्या वेळी भाऊ प्रेडनिसोलोनवर, म्हणजे स्टेरॉइडवर, होते का? मायस्थेनिया होता म्हणजे असणारच.

स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, आणि लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात. वरचा आकडा फुगतो, खालचा आटतो. गाठीने काहीच केलेलं नसताना एनएलआर दुप्पट-तिप्पट होतो. थायमोमाच्या साधारण तीस ते चाळीस टक्के रुग्णांना मायस्थेनिया असतो, त्यातले कितीतरी स्टेरॉइडवर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही भानगड एवढी नसते.

दुसरं, थायमस म्हणजे टी पेशींची (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) शाळाच. बी१, एबी या प्रकारांत गाठीतच कच्च्या लिम्फोसाइटची गर्दी असते आणि गाठ त्यातल्या काही रक्तात सोडते. म्हणजे तुम्ही ज्याने भागताय, त्या आकड्यातच गाठीचा हात आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरचा नियम इथे जसाच्या तसा कसा लावणार? सर्जन तुटक बोलले हे खरं, पण चुकीचं नाही बोलले.

घोडबंदर_३०

असहमत. डॉक्टर मंडळींचं हे नेहमीचं आहे. स्वस्त गोष्ट दिसली की आधी नाक मुरडायचं.

दाह आणि कॅन्सर यांचं नातं आजचं नाही, जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरशोने १८६३ मध्येच गाठींत पांढऱ्या पेशी पाहून ते मांडलं होतं. व्हिएन्नाच्या गटाने थायमसच्या गाठींत सीआरपी तपासला, तेव्हाही आधीपासून सीआरपी चढलेल्यांचं पुढे जास्त बिघडलेलं दिसलं. इतक्या ठिकाणी तीच दिशा दिसते तो योगायोग म्हणायचा का?

आणि रोग किती दुर्मिळ! दहा लाखांत वर्षाला एक-दीड रुग्ण. हजारोंची चाचणी कधी व्हायची नाही. मग तोवर हात बांधून बसायचं? स्टेरॉइडची अडचण असेल तर स्टेरॉइड नसलेल्यांपुरता वापरा. नौपाडाकर, तुमचं बरोबर आहे, रेटा.

आकडेमोड_नेरूळ

घोडबंदर, "तीच दिशा" कशी दिसते ते सांगतो. पोटापाण्यासाठी हेच करतो.

समजा एका रुग्णालयाने वीस वर्षांच्या फायली उघडल्या. २०० रुग्ण, त्यातल्या १५ जणांची गाठ परत आली. आता एनएलआरची रेषा कुठे मारायची? संगणकाला सांगतात, १.५ पासून ५ पर्यंत सगळीकडे मारून बघ आणि दोन गट सर्वांत दूर पडतात ती रेषा दे. १५ घटनांवर असं केलं तर रेषा हमखास सापडते. दुसऱ्या शहरातले २०० घ्या, दुसरी सापडेल. कुठे दोन, कुठे चार, ते यामुळे. बाण आधी मारून मग त्याभोवती वर्तुळ काढायचा प्रकार. शिवाय ज्यांना काही सापडत नाही ते सहसा छापतच नाहीत, म्हणून सगळे एकाच सुरात बोलताना दिसतात.

थायमोमा हळू वाढतो. दहा-दहा वर्षांनी परत येतो, आणि मधल्या काळात माणूस हृदयविकाराने किंवा मायस्थेनियाच्या गुंतागुंतीनेही जाऊ शकतो. निबंधात "एकूण आयुष्य" मोजलं असेल तर एनएलआर गाठीचं भाकीत करतोय की वयाचं, मधुमेहाचं, सिगारेटचं? हे तिन्ही त्याला चढवतात.

सीआरपीचं म्हणाल तर थायमिक कार्सिनोमात (थायमसचा जास्त आक्रमक कॅन्सर) तो जास्त असतो हे मलाही पटतं. पण कार्सिनोमा आहे हे बायोप्सीने सांगितलेलंच असतं. प्रश्न असा की टप्पा, प्रकार आणि गाठ पूर्ण निघाली की नाही, या तीन गोष्टी हातात असताना हा आकडा चौथं काही सांगतो का. जपानच्या मासाओकांनी १९८१ मध्ये गाठ किती पसरली याचे टप्पे मांडले, कोगांनी १९९४ मध्ये सुधारले, आता टीएनएम ही टप्प्यांची नवी पद्धत आलीय. या सगळ्यातून टिकून राहिलेली गोष्ट एकच, गाठ पुरती निघाली का.

वाशी_लॅबवाली

मी फक्त नळीबद्दल बोलते, कारण तुम्ही सगळे रिपोर्टपासून सुरू करताय आणि माझं काम त्याआधी संपतं.

सीबीसीची जांभळ्या झाकणाची नळी. सुई काढल्या काढल्या ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची असते. घरी जाऊन रक्त घेणारा पोरगा घाईत तेवढं करत नाही, मग मुंब्र्याहून बाइकवर उन्हातून दोन तास फिरून नळी माझ्याकडे येते. टोकाशी बारीकशी गुठळी. काही जणांच्या प्लेटलेट तर त्या नळीतल्या रसायनानेच एकमेकींना चिकटतात. मशीन म्हणतं ९० हजार, मी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरते तर कडेला झुबकेच्या झुबके. असा पीएलआर कोणी काढला तर तो माझ्या नळीचा आहे, पेशंटचा नाही.

एनएलआरला हा त्रास कमी. आणि त्यासाठी वेगळे "ॲब्सोल्यूट" आकडे शोधत बसू नका, टक्क्यांचा भागाकार केला तरी तेच उत्तर येतं. एसआयआय हा दाहाचाच आणखी एक आकडा काढणाऱ्यांनी मात्र जपून. प्लेटलेट गुणिले एनएलआर. आपल्याकडे प्लेटलेट लाखात लिहितात. ३ लाख आणि एनएलआर २ असेल तर हजारात धरून ६०० येतात, लाखात धरून ६. मागे एका काकांनी ६ काढून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पावसाळ्यातलं तर विचारूच नका. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कोसळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्या-मुंबईतल्या रक्तावर कोणी भविष्य सांगू नये.

घोडबंदर_३०

नळी, डेंग्यू, बाइकवरचा पोरगा... मग सीबीसीच बंद करा ना! ताई, याच नळीवर तुम्ही केमो द्यायची की नाही ते ठरवता.

वाशी_लॅबवाली

केमोआधी आकडा विचित्र आला तर आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतो. तुमच्या शोधनिबंधात वीस वर्षांपूर्वीच्या पेशंटचं पुन्हा कोण घेणार?

घोडबंदर_३०

हे मान्य. बाकीचं नाही.

खारघरहून_मी

मी स्वतः पेशंट. ११ वर्षं झाली, बी२च. नौपाडाकर, तुमच्या म्हणण्यातला वरचा भाग मला खटकत नाही. आकडा जास्त असेल तर जास्त तपासा, बिघडलं काय? थोडं जास्त रेडिएशन, थोडा जास्त खर्च. मला भीती खालच्या भागाची आहे, "कमी असेल त्याचा वर्षाने".

माझी गाठ नवव्या वर्षी परत आली. फुप्फुसाच्या आवरणावर, दोन चपटे ठिपके. ना खोकला, ना ताप. त्याच आठवड्यातला सीबीसी अगदी नॉर्मल, आत्ता काढून भागाकार केला : १.७. अमेरिकी मार्गदर्शिकेत पहिली दोन वर्षं सहा महिन्यांनी सीटी आणि मग थायमोमासाठी दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी, असं आहे. माझे डॉक्टर त्यावर अडून बसले म्हणून सापडली. पाचव्या वर्षीच मी "आता पुरे" म्हणत होते. तेव्हा कोणी मला १.७ दाखवला असता तर मी तो फ्रीजवर चिकटवून सीटी सोडून दिला असता, अगदी नक्की.

वहिनींना सांगा, झोप माझीही उडते. आठवडाभर नाही, आता तीन दिवस. कमी होते हळूहळू.

ऐरोली_ओपीडी

ताईंच्या प्रतिसादात माझा अर्धा प्रतिसाद आला. एक भर : आकडा नोंदवायला माझा विरोध नाही. स्टेरॉइडची तारीख आणि डोस शेजारी लिहून नोंदवा, म्हणजे दहा वर्षांनी कोणाला तरी कामाचा होईल. त्यावरून आज निर्णय घेऊ नका.

घोडबंदर_३०

म्हणजे चांगला आकडा पेशंटला झोपवेल म्हणून लपवायचा? माणसं तेवढी मूर्ख नसतात.

खारघरहून_मी

मी तेवढी मूर्ख होते, दादा.

नौपाडाकर

काल रात्री कळव्याला जाऊन फाईल उलगडली. ६.८ चा सीबीसी स्टेरॉइड सुरू झाल्यानंतर एकविसाव्या दिवशीचा आहे, ४० मिलिग्रॅम. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक जुना रिपोर्ट भावाच्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीत सापडला. न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट ३१. म्हणजे २.०. गाठ तेव्हाही आत असणारच, दोन महिन्यांत साडेपाच सेंटिमीटर होत नाही ती.

दोन महिने मी ज्या आकड्याला घाबरलो तो गोळीचा होता. डिस्चार्ज कार्डावर आकडा हवा हे मी अजून म्हणतो, पण सीटीचं वेळापत्रक त्यावरून ठरवायचं हे मागे घेतो. आणि सर्जननी "बघू नका" च्या पुढे "तुम्ही स्टेरॉइडवर होतात" एवढी चार अक्षरं जोडली असती तर हा धागाच निघाला नसता, हा राग मात्र राहणार.

भावाला २.० सांगितलेलं नाही. सहा महिन्यांचा सीटी पुढच्या गुरुवारी आहे.