सी ड्राइव्ह भरलाय, दुसऱ्या हार्ड डिस्कवर सॉफ्टवेअर टाकलं तर चालेल का?

सिव्हिल_डिप्लोमा:
नमस्कार मंडळी, लॅपटॉप जुना आहे, मागच्या दिवाळीत त्यात २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि मूळची १ टीबीची हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायची चौकट) टाकली. विंडोज १० एसएसडीवर आहे. २५६ म्हणतात पण दिसतात २३८ च, त्यातले पण आता १७ जीबी उरलेत, पट्टी लाल झालीय. ऑटोकॅड आहे, आता प्रोजेक्टसाठी रेव्हिट (बिल्डिंगचं थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) टाकायचंय आणि धाकट्या भावाचे स्टीमवरचे गेम पण त्यातच. डी, म्हणजे ती जुनी हार्ड डिस्क, जवळजवळ रिकामा आहे. मित्र म्हणतो प्रोग्राम फाइल्समधले फोल्डर कट करून डी मधे पेस्ट कर, झालं काम. खरंच चालतं का असं? आणि नवीन सॉफ्टवेअर डायरेक्ट डी वर टाकलं तर स्लो होईल का? प्लीज लवकर सांगा, सबमिशन तोंडावर आलंय.

रिपेअरवाला_कोल्हापूर:
कट पेस्ट अजिबात करू नको भावा. इन्स्टॉल होताना प्रोग्राम आपला पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजची नोंदवही) लिहून ठेवतो, शॉर्टकट त्याच पत्त्यावर, लायसन्सची सर्व्हिस पण तिथंच शोधते, मग तू फोल्डर उचलून डी मधे नेलास की प्रोग्राम उघडणार नाही आणि धड अनइन्स्टॉल पण होणार नाही. पोर्टेबल सॉफ्टवेअर, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, असेल तरच असं चालतं. जे हलवायचंय ते आधी नीट अनइन्स्टॉल कर, मग परत सेटअप चालव, आणि तिथं नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नको, कस्टम किंवा ब्राउझ असं बटण असतं ते दाब, पाथमधल्या पहिल्या सी च्या जागी डी लिही, बाकी पाथ तसाच ठेव. सगळे सेटअप विचारत नाहीत, एमएस ऑफिस आणि क्रोम गपचूप सी मधेच बसतात, त्यांच्या मागे लागू नको. आणि डी वर टाकलं तरी थोडंफार सामान सी मधल्या प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटा मधे जातंच.

मीरा_कॅड:
वरचं बरोबर आहे, पण माझं मत विचारशील तर रेव्हिट डी वर टाकूच नकोस. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते, मोठी फाइल वाचताना सेकंदाला शंभरएक एमबी मिळाले तरी खूप, साटा एसएसडी ५०० च्या वर जाते, आणि खरा त्रास छोट्या छोट्या हजारो फाइल्स उघडताना होतो, तिथं हार्ड डिस्क रडवते. रोजचं काम एसएसडीवरच पाहिजे. त्यापेक्षा सी रिकामा कर. गेम आधी हलव, स्टीमच्या सेटिंग्जमधे स्टोरेज मधे जाऊन डी ॲड कर आणि तिथूनच मूव्ह दे, स्टीम स्वतः नीट हलवतं, परत डाउनलोड करावं लागत नाही. मग सी मधे ऑटोडेस्क नावाचा एक फोल्डर आहे का बघ, ऑटोकॅडचा सेटअप तिथं एक्स्ट्रॅक्ट होतो आणि तसाच पडून राहतो, कित्येक जीबी असतो. तो काढला तरी ऑटोकॅड चालतं, फक्त पुढे रिपेअर करायची वेळ आली तर सेटअप परत लागू शकतो, म्हणून डिलीट करण्यापेक्षा त्याची कॉपी डी वर ठेव. डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथून तो पण डी वर जातो.

गेमर_पनवेल:
एक विचारतो, माझ्याकडे एकच ५०० जीबीची डिस्क आहे, दुकानदाराने सी डी ई असे भाग पाडून दिलेत. मी डी वर टाकलं तर फास्ट होईल का?

रिपेअरवाला_कोल्हापूर:
नाही, डिस्क तीच आहे ना, स्पीडमधे काही फायदा नाही, फक्त सी मधली जागा वाचते. आणि खूप जणांना वाटतं डी वर टाकलेलं सॉफ्टवेअर सी फॉरमॅट केल्यावर पण राहतं. फोल्डर राहतो हो, पण रजिस्ट्री नवीन झाली की बहुतेक प्रोग्राम परत इन्स्टॉल करावेच लागतात. गेमचं मात्र बरं असतं, स्टीम नव्याने टाकून जुना फोल्डर दाखवला की ते ओळखतं.

सिव्हिल_डिप्लोमा:
मीराताई खूप खूप धन्यवाद, गेम डी वर गेले आणि तो ऑटोडेस्क फोल्डर पण सापडला, ९ जीबीचा होता! आता सी मधे भरपूर जागा झालीय, रेव्हिट सी वरच टाकतोय. प्रोजेक्टच्या फाइल्स कुठं ठेवू?

मीरा_कॅड:
चालू प्रोजेक्ट सी वर, जुने डी वर. रेव्हिट सेव्ह करताना नावापुढे ०००१, ०००२ लावून बॅकअप बनवत राहतं, त्यानं पण जागा खाल्ली जाते, सेव्ह ॲज मधे ऑप्शन्स दाबून त्यांचा आकडा कमी करता येतो. आणि सबमिशनची फाइल रोज रात्री डी वर आणि पेनड्राइव्हवर कॉपी कर, ती हार्ड डिस्क जुनी आहे, एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नकोस.