विषाणूही कर्ता आणि सालदारही कर्ता?

केळीवाला (रावेर)
काल इथे एका संशोधक मित्राने लिहिलं, 'केळीपट्ट्याचा अभ्यास अ‍ॅक्टर-नेटवर्क सिद्धांताने करायचा तर शेतकरी, मजूर, मावा ही कीड, विषाणू, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) सगळ्यांना एकाच पातळीवरचे कर्ते धरा.' डोक्यातून जाईना. सीएमव्ही या विषाणूरोगात (आमच्याकडे 'हरण्या') माझी दीड हजार खोडं गेली. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. उपटून बांधाबाहेर गाडली. तरी जमीन राहिली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराला मात्र श्रावणात सांगावं लागलं, 'दुसरीकडे बघ.' तो आणि विषाणू एका पातळीवर?

धुळेकर
आप्पा, दुःख खरं, पण वाचन अर्धवट. कोण बलवान ते आधीच ठरवून जाऊ नका, एवढंच हा सिद्धांत म्हणतो. हा सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी एक, मिशेल कॅलों, त्यांचा १९८६ चा लेख बघा. फ्रान्समधल्या सेंट ब्रियूच्या आखातात तीन शास्त्रज्ञ शिंपले वाढवायला निघाले, मच्छीमारांचे प्रतिनिधी हो म्हणाले. पुढे शिंपल्यांची पिल्लं चिकटेनात, आणि नाताळच्या आदल्या दिवशी मच्छीमारांनीच राखलेले शिंपले काढून नेले. प्रतिनिधीचा होकार सगळ्यांचा नव्हता. आपल्याकडे 'गावाने ठरवलं' म्हणतात तेव्हा सालदार कुठे असतो?

भुसावळची मास्तरीण
पिल्लं चिकटेनात हे सांगितलं कोणी? शास्त्रज्ञांनीच. या सिद्धांताचे टीकाकार कॉलिन्स आणि यर्ली यांनी १९९२ मध्ये हेच धरलं. हरण्याचा रिपोर्ट येईपर्यंत शेतकऱ्याच्या 'पानं बिघडली'ला कोण विचारतं? आणि जात कुठे बसवणार या कर्त्यांच्या जाळ्यात? डीपी दिसेल. तिच्यावरची पहिली जोडणी कोणाला मिळाली, हे तीन पिढ्यांच्या सातबाऱ्यात शोधावं लागेल.

चोपड्याचा
डीपीचं निघालंच आहे तर ऐका भो. मागच्या एप्रिलात आमची जळाली. सोळा दिवस लाईट नाही, केळी उभी वाळली. अकरा जणांनी वर्गणी काढली, आम्हीच खाली उतरवून ट्रॅक्टरने नेली. दुरुस्त होऊन आली ती तिसऱ्या दिवशी ऑईल गळून पुन्हा बंद. बाराव्याने वर्गणी दिली नाही, म्हणून त्याची वायर काढली. भांडण अजून मिटलेलं नाही. जिच्यामुळे माणसं बोलेनाशी होतात ती नुसती वस्तू कशी?

केळीवाला (रावेर)
वायर डीपीने नाही, तुम्ही काढली! माणसाने केलेलं लोखंडावर ढकलायला सिद्धांत कशाला हवा?

यावलकर
आणि रात्रीच्या लाईटीचं कोणी बोलतच नाही. दोन वाजता मोटार चालू करायला जातो, केळीत बिबट्या. आधी त्याचा अभ्यास करा.

धुळेकर
बिबट्या राहू द्या. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरचे फड बघा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायचे शेतांचे गट. बंधारा, पाट, पाटकरी आणि एका फडात एकच पीक. पाणी उताराने यायचं, मोटार नव्हती. मोटारी आल्या आणि माणसांची एकमेकांशी असलेली बांधणीही बदलली. वस्तू सोडून हे सांगून दाखवा.

भुसावळची मास्तरीण
सांगता येणार नाही, मान्य. पण फडाबाहेर जमीनच नसलेले कोण होते, तेही त्याच वहीत लिहा.

चोपड्याचा
वायर आम्ही काढली, बरोबर. तो बारावा माझा चुलतभाऊ आहे. त्याची विहीर आटली होती, पैसे नव्हतेच. तेव्हा मी विचारलं नाही.

केळीवाला (रावेर)
'सालदार कुठे असतो' हा प्रश्न मला लागला. पंचनाम्यात माझी खोडं मोजली, त्याचं नाव कुठेच नव्हतं. मीही सांगितलं नाही. पण 'एकच पातळी' हे मी घेणार नाही.

भुसावळची मास्तरीण
नंतर बोललात त्याच्याशी?

केळीवाला (रावेर)
नाही. बऱ्हाणपूरकडे कामाला आहे म्हणतात.