लाकूड ज्या वाटेने मुंबईत यायचं, ती वाट चालता येईल का?

खडूवाला:
माझे आजोबा रे रोडला लाकडी बंदरावर एका वखारीत मोजणीला होते. कानावर निळा खडू, खिशात दुमडती पट्टी. ओंडका नुसता बघून घनफूट सांगायचे आणि मग पट्टी लावायचे, ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "हे लाकूड जंगलातनं कसं येतं ते एकदा चालून बघ," म्हणायचे. राहून गेलं. आता पन्नाशी उलटली, डावा गुडघा बेताचा. पहाटेची कल्याण लोकल धरून रात्री घरी, असं जमेल का? नाणेघाट चालेल?

घाटवाटा:
नाणेघाट जरूर करा, पण लाकडासाठी नको. ती बैलांच्या पाठीवरच्या मालाची वाट. सोपारा-कल्याण बंदरांतला माल त्या वाटेने जुन्नरला चढायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख सावकाश बघा. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, सगळा आकड्यांत हिशेब. आजोबांना आवडला असता!

वीस फुटी ओंडका त्या पायऱ्यांवरून कोण नेणार? जड लाकूड उताराने आणि पाण्याने जातं. त्यातही ओला साग बुडतो. ब्रह्मदेशात उभ्या झाडाची साल बुंध्याशी गोल काढून ते दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे, मग नदीत सोडायचे. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात वसई-आगाशीला जहाजं बांधली जात. तुमची लाकडाची वाट शोधायची तर त्या खाड्यांकडे बघा. पण ती चालायची कशी? बोटच हवी.

गोदीकर:
थोडी भर. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या जहाजांचं लाकूड सगळं सह्याद्रीतलं होतं असं समजू नका. 'ट्रिंकोमाली' १८१७ साली इथे बांधली, ती मलबारी सागाची. अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभाराच्या ग्रंथात, आरमारासाठी सागवान आणायला सांगितलंय, पण आंबा-फणस मालकाला राजी केल्याशिवाय तोडू नये अशी ताकीद आहे.

खडूवाला:
म्हणजे आजोबांनी मला बोटीत बसवायचं ठरवलं होतं तर. आधी नाणेघाट करतो. गुडघ्याचं काय?

घाटवाटा:
चढताना नाही, उतरताना बोलेल. म्हणून उतरूच नका. कल्याणहून माळशेजकडे जाणारी यष्टी घ्या, वैशाखरे गेलं की नाणेघाटाच्या पाटीशी उतरा. रमतगमत तीन तास. वरून घाटघरला जीप ठरवून जुन्नर, तिथून माळशेजमार्गे कल्याण. शेवटची गाडी आधी विचारून ठेवा. पावसात पायऱ्या शेवाळतात, डिसेंबरात जा.

पट्टी नेणार असाल तर रांजणाचा घेर मोजून इथे टाका. आत हात घालण्याआधी मात्र बघा, लोक त्यात वेफर्सच्या पिशव्या टाकतात.