संग्राहक नलिकेतील दोन विरुद्ध पेशी एकमेकींचे काम खोडून काढत नाहीत का?

प्रश्न
मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकेत इंटरकॅलेटेड पेशींचे दोन मुख्य प्रकार असतात. त्यांपैकी अल्फा पेशी मूत्रात आम्ल सोडते आणि बीटा पेशी बायकार्बोनेट हा आम्ल निष्प्रभ करणारा क्षारीय घटक सोडते, असे वाचनात आले. एकीने आम्ल ओतायचे आणि शेजारणीने ते मारायचे, हा खटाटोप कशासाठी? शिवाय गाळल्या गेलेल्या बायकार्बोनेटपैकी सुमारे ८० टक्के नेफ्रॉनच्या (मूत्र तयार करणाऱ्या सूक्ष्म गाळणी-नलिकेच्या) सुरुवातीच्या भागातच परत शोषले जात असेल, तर शेवटच्या टोकाला बसलेल्या या मोजक्या पेशींना एवढे महत्त्व का दिले जाते?

प्रतिसाद १
दुसरी शंका आधी घेतो. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट असते, म्हणजे एकूण ४,३०० मिलिमोलच्या आसपास. हे परत मिळवणे ही केवळ वसुली झाली. त्याने साठ्यात नवी भर पडत नाही. प्रथिनांच्या विघटनातून मात्र रोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलिमोल असे आम्ल तयार होते, जे फुप्फुसांना बाहेर टाकता येत नाही, आणि तेवढे बायकार्बोनेट खर्ची पडते. हा खड्डा भरण्यात अल्फा पेशीचा वाटा मोठा आहे. तिच्यात कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून एक प्रोटॉन (म्हणजे आम्लाचा हायड्रोजन आयन) व एक बायकार्बोनेट तयार होते. प्रोटॉन पंपाद्वारे मूत्राकडे ढकलला जातो, तर बायकार्बोनेट क्लोराइडच्या बदल्यात रक्ताकडे जाते. हा अदलाबदल करणारा वाहक म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातील ‘बँड ३’ प्रथिनाचेच थोडे आखूड रूप आहे, हे मला स्वतःला फार गमतीचे वाटते.

प्रतिसाद २
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. मूत्राचा सामू कितीही उतरला तरी ४.५ च्या खाली सहसा जात नाही, आणि त्या सामूला मोकळे प्रोटॉन लिटरमागे जेमतेम ०.०३ मिलिमोल असतात. ७० किलो वजनाच्या माणसाला रोजचे ७० मिलिमोल आम्ल केवळ मोकळ्या स्वरूपात टाकायचे झाले, तर रोज दोन हजार लिटरहून अधिक मूत्र तयार करावे लागेल! म्हणून प्रोटॉनला फॉस्फेट किंवा अमोनिया पकडून ठेवतो. हा अमोनिया नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या भागात ग्लुटामिनपासून बनतो आणि त्या प्रक्रियेतही नवे बायकार्बोनेट मिळते. त्यामुळे तो भाग निव्वळ वसुली करतो असे म्हणणे अपुरे आहे. परंतु तयार झालेला अमोनियम (म्हणजे प्रोटॉन पकडलेला अमोनिया) मूत्रातून बाहेर गेला तरच ती कमाई टिकते, कारण तो रक्तात परतला तर यकृतात त्याचे युरियात रूपांतर होताना बायकार्बोनेट पुन्हा खर्च होते. त्याला मूत्रात अडकवून ठेवण्यासाठी लागणारी आम्लता अल्फा पेशीच पुरवते.

प्रतिसाद ३
आता पहिली शंका. या दोन्ही पेशी एकाच वेळी पूर्ण जोराने काम करत नाहीत. रक्तातील आम्लता वाढली की अल्फा पेशीच्या आतल्या पुटिकांमध्ये (सूक्ष्म पिशव्यांमध्ये) राखून ठेवलेले प्रोटॉन पंप मूत्राकडच्या आवरणावर येऊन बसतात, आणि बीटा पेशीतील पेंड्रिन हा बायकार्बोनेट मूत्रात सोडणारा वाहक कमी होतो. अल्कलीचे प्रमाण वाढल्यास नेमके उलट घडते. बीटा पेशीतही प्रोटॉन पंप असतोच, पण तो प्रामुख्याने रक्ताकडच्या बाजूला असतो. यंत्रसामग्री बरीचशी तीच, मांडणी मात्र उलटी. जन्मजात दोषामुळे अल्फा पेशीचा पंप किंवा वाहक बिघडला, तर रक्त आम्लयुक्त असूनही मूत्राचा सामू साधारण ५.५ च्या खाली उतरत नाही. पंपाच्या काही दोषांमध्ये बहिरेपणाही आढळतो, कारण त्याच पंपाचा घटक अंतर्कर्णातही असतो.

प्रश्नकर्त्याची पुरवणी
आभार. मग सतत उलट्या होऊन रक्तात अल्कली वाढते, तेव्हा बीटा पेशींनी ते आपसूक बाहेर का टाकू नये?

प्रतिसाद ३ चे उत्तर
पेंड्रिन बायकार्बोनेट बाहेर टाकते ते मूत्रातील क्लोराइड आत घेऊनच. उलट्यांमधून हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर क्लोराइडही निघून जाते, नलिकेत ते जवळजवळ उरत नाही, आणि बीटा पेशीला अदलाबदलीसाठी जोडीदारच मिळत नाही. अशा रुग्णाला मिठाचे सलाइन दिले असता मूत्रात बायकार्बोनेट उतरू लागते. सलाइनमध्ये आम्ल अजिबात मिसळलेले नसते, तरीही.